बोस्निया : निवडणूक, वर्तमानपत्र आणि आपली माणसे

बोस्नियातील युद्ध थांबविणाऱ्या करारावर डिसेंबर १९९५ मध्ये पॅरिसला सह्या झाल्या. पुढे नऊच महिन्यांनी, १४ सप्टेंबर १९९६ रोजी, तिथे निवडणूक झाली. बंदुका शांत झाल्या होत्या, पण बेघर झालेले लाखो लोक आपल्या गावी परतू शकले नव्हते.

कराराने अध्यक्षपद तिघांत वाटले : एक बोस्नियाक मुसलमान, एक क्रोएट आणि एक सर्ब. सर्ब प्रजासत्ताकातील मतदाराने फक्त सर्ब सदस्य निवडायचा. उरलेल्या भागातील मतदाराने मुसलमान किंवा क्रोएट. परिणामी, दुसऱ्या समाजाचे मत मिळविण्याची गरज उमेदवाराला फारशी उरली नाही. वर्तमानपत्रांचेही तेच झाले. वाचक आपल्याच समाजाचा, मतदारही आपल्याच समाजाचा. 'आपली मते फुटली तर आपण संपलो' हाच सूर तिन्हीकडे होता.

या सुराची झळ आपल्याच माणसालाही लागते. युद्धकाळात पंतप्रधान राहिलेले हारिस सिलायजिच मुसलमानच. पण त्यांनी वेगळा पक्ष काढला. जून १९९६ मध्ये त्साझिन येथील सभेत सत्ताधारी मुस्लिम पक्षाच्या समर्थकांनी त्यांचे डोके फोडले.

सारायेव्होच्या वेढ्यात 'ओस्लोबोजेन्ये' हे दैनिक उद्ध्वस्त इमारतीच्या तळघरातून निघत राहिले. मुसलमान, सर्ब आणि क्रोएट पत्रकार ते मिळून काढीत. शांततेच्या काळात त्याला मागे टाकले ते 'द्नेव्नी अवाझ'ने. 'अवाझ' म्हणजे आपलाच 'आवाज'; फारसीतून तुर्कीमार्गे तिकडे पोहोचलेला. सुरुवातीची काही वर्षे हा आवाज सत्ताधारी पक्षाच्या जवळचा होता.

बान्यालुकात मात्र वेगळे घडले. १९९३ मध्ये याच शहरातील फरहादिया मशीद उडवून देण्यात आली होती. तेथील 'नेझाविस्ने नोविने'चे सर्ब संपादक झेल्यको कोपान्या यांनी १९९९ मध्ये सर्बांनी मुसलमानांवर केलेले अत्याचार छापले. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या मोटारीत बॉम्ब फुटला. दोन्ही पाय गेले. तरी त्यांनी वर्तमानपत्र सोडले नाही.

बोस्नियाच्या मुसलमानांचे दुःख आपल्याला जवळचे वाटते, आणि ते वाटायलाच हवे. पण ते दुःख शत्रूच्या घरात बसून छापणारा माणूस आपल्याला किती ठाऊक असतो? आणि आपल्या माणसांची चूक छापणारा कुणी उद्या आपल्यातच निघाला, तर आपण त्याला गद्दार म्हणू की आपला म्हणू?