ताटाची डावी बाजू

मराठी ताटाला डावं-उजवं असतं. उजवीकडे भाजी आणि आमटी, वर मीठ-लिंबू, आणि डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजव्या बाजूबद्दल लोक भरभरून बोलतात. आमच्या खानदेशात तर शेवभाजी आणि भरीत यांवर तासभर वाद घालणारी माणसं आहेत. डावी बाजू मात्र बिचारी गप्प. शाळेत मी बत्तीस वर्षं इतिहास शिकवला, पण क्रमिक पुस्तकात कधी काकडी आली नाही. आता निवृत्तीनंतर वेळच वेळ आहे, तेव्हा म्हटलं जरा डावीकडे बघू या.

आधी शब्द. कोशिंबीर ही कन्नडमधल्या कोसंबरीची बहीण दिसते. कर्नाटकात रामनवमीला भिजवलेल्या मुगाच्या डाळीत काकडी आणि ओलं खोबरं घालून कोसंबरी करतात, बरोबर पानक देतात. आपल्याकडे त्याच चैत्रात हळदीकुंकवाला हरभऱ्याची भिजवलेली डाळ भरड वाटतात, त्यात कैरी किसतात, आणि बरोबर पन्हं. पानक आणि पन्हं हा शब्दही मुळात एकच. मला तर आंबेडाळ ही कोसंबरीचीच दुसरी तऱ्हा वाटते. इंग्रजी सॅलडची कथा निराळी. तो शब्द लॅटिनमधल्या मिठापासून आला. खारवलेला भाजीपाला असा त्याचा मूळ अर्थ. सॅलरी, म्हणजे पगार, हा शब्दही त्याच मिठातून निघालेला. (आमच्या वेळच्या मास्तरांच्या पगारात खरोखर मीठ-मिरचीच येत असे, पण तो विषय वेगळा.)

आता जिन्नस बघा. काकडी अस्सल इथली. तिचे रानटी भाऊबंद हिमालयाच्या पायथ्याशी अजून उगवतात. कांदा, मुळा हेही आपल्याकडे फार जुने. पण टोमॅटो, मिरची आणि शेंगदाणा हे तिघेही अमेरिका खंडातले. कोलंबस १४९२ साली तिकडे पोहोचला, वास्को-द-गामा १४९८ साली इकडे आला, आणि मग हळूहळू जहाजांतून ही मंडळी उतरली. कोबी हे नावसुद्धा पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आलं. नारिंगी गाजर हॉलंडकडचं, आपलं लाल गाजर त्याहून जुनं. वऱ्हाड-मराठवाड्याकडची जुनी माणसं टोमॅटोला बेलवांगं किंवा भेदरं म्हणत. नवीन पाहुण्याला ओळखीचं नाव देऊन घरात घ्यायची ही आपली जुनी पद्धत. आमच्याच तालुक्यातलं दोंडाईचा मिरचीच्या बाजारासाठी नावाजलेलं आहे. तिथे मिरच्यांचा लाल सडा पडलेला पाहून ती परक्या मुलखातून आली असं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

शेंगदाण्याचं तर विशेषच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तो आपल्या शेतांत पसरत गेला. त्याआधी कूट व्हायचा तो तिळाचा, जवसाचा, खुरासणीचा. आज कोशिंबिरीत दाण्याचा कूट नसला तर माणसं विचारतात, 'आज काय विसरलात?' तेव्हा कोबी-टोमॅटोची, दाण्याचा कूट घातलेली, वरून मिरचीची फोडणी दिलेली आपली 'पारंपरिक' कोशिंबीर शिवकाळातल्या कुठल्या घरात झाली असेल असं मला वाटत नाही. परंपरा म्हणून आपण जे सांगतो त्यातलं बरंचसं आपल्या आजीच्या आजीलाही माहीत नव्हतं.

पुस्तकांकडे वळलं तर मराठीत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ साली छापलं गेलं. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' आलं, हजार पाकक्रियांचं. आणि १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'. ते तर लग्नात रुखवतावर ठेवायची वस्तू झालं. वाटी-चमच्याच्या मापानं सांगितल्यामुळे ते नव्या मुलींना सोपं गेलं. माझीही प्रत आहे, हळदीच्या डागांची. या पुस्तकांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण शिंदखेड्यात बसून ती वाचताना एक गोष्ट जाणवत राहते. त्यांतलं स्वयंपाकघर हे बारा महिने भाजी मिळणारं घर आहे. ओलं खोबरं, ताजी काकडी, रोजची कोथिंबीर. आमच्याकडे यातलं काय, कधी आणि किती असायचं, ते पावसाला विचारावं लागे.

आमचा तालुका कमी पावसाचा. बुराई नदी गावाजवळून जाते, पण वर्षातला बराच काळ ती नावालाच नदी. पांझरेच्या काठी साक्री-धुळ्याकडे जुनी फड पद्धत होती. नदीत छोटे बंधारे घालून पाटानं पाणी न्यायचं आणि सगळ्या गावानं एका फडात एकच पीक घ्यायचं. शेकडो वर्षांची ही व्यवस्था. तीच पांझरा पुढे मुडावदला, आमच्याच तालुक्यात, तापीला मिळते. म्हणजे नदी आमच्या हद्दीत येते ती जवळजवळ संपायलाच! जिथं पाट होता तिथं हिरवा पाला होता. जिथं जिरायत होती तिथं बाजरी, ज्वारी, कपाशी, आणि ताटाच्या डाव्या बाजूला कांदा. बुक्कीनं फोडलेला. काही कमी आहे म्हटलं तर माय म्हणायची, 'कांदा शे ना!' अहिराणीत एवढं म्हटलं की जेवणाचा विषय संपत असे.

पण कोरडवाहू बायकांनी कोशिंबीर केलीच नाही असं समजू नका. त्यांनी घोळाणा केला. माझ्या मते हे आपलं खरं देशी सॅलड, आणि पुस्तकांनी त्याच्याकडे पुरेसं पाहिलेलं नाही. मार्गशीर्ष-पौषात मेथी कोवळी असते. पानं निवडायची, धुवून निथळायची, कांद्याची पात आणि कांदा चिरायचा, तिखट, मीठ, दाण्याचा कूट आणि वरून कच्चं तेल घालून हातानं घोळायचं. घोळायचं म्हणून घोळाणा. चूल लागत नाही, फोडणी लागत नाही. शेतात भाकरी सोडली की बांधावर बसूनही होतो. खानदेशापासून वऱ्हाड-मराठवाड्यापर्यंत त्याच्या नाना तऱ्हा आहेत.

त्यातली हरभऱ्याच्या पाल्याची तऱ्हा मला सर्वांत हुशार वाटते. हरभरा वीतभर झाला की शेंडे खुडतात. खुडल्यानं झाडाला फांद्या जास्त फुटतात, म्हणजे ते शेतीचं कामच. खुडलेला पाला ओटीत भरून घरी यायचा. हरभऱ्याच्या पानांवर आंब असते, तिनं बोटंसुद्धा आंबट होतात. त्यामुळे लिंबू पिळायची गरज नाही. त्या काळी जिरायत गावात लिंबाचं झाड एखाद्याच्याच मळ्यात असे. शिवाय बाजरीत, कपाशीत मिसळ म्हणून टाकलेली वाळकं. पावसाळा सरता सरता ती घरात येत. कोवळी असतील तर कोशिंबीर, जास्त झाली तर चकत्या वाळवून काचऱ्या. बांधावरची पाथरी, घोळ, तांदुळजा हे न पेरता आलेलं धन. १९७२च्या दुष्काळात हे धनही आटलं. सुकडी मिळत होती, लाल मिलो ज्वारी मिळत होती, पण हिरवं पान डोळ्यांना दिसत नव्हतं. तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते. पोटाची भूक समजते, पण पाल्याचीही भूक असते हे मला त्या वर्षी कळलं.

आता थोडं आतल्या घरातलं. कोशिंबिरीचा एक स्वभाव आहे. मीठ लागलं की तिला पाणी सुटतं. मीठ फोडींतलं पाणी ओढून बाहेर काढतं. विज्ञानाच्या बाई हे मुलांना बटाट्याच्या कापावर करून दाखवत. म्हणूनच जाणत्या बायका मीठ शेवटी घालतात आणि कूट सढळ टाकतात, तो सुटलेलं पाणी पितो. पण कितीही केलं तरी कोशिंबीर तासाभराची. ती ठेवता येत नाही. आणि आमच्या घरांत पंगतीचा क्रम ठरलेला होता. आधी पुरुष आणि पाहुणे, मग मुलं, शेवटी बायका. भाजी शेवटपर्यंत उरते, वरण उरतं, पाणी घालून वाढवताही येतं. कोशिंबीर उरत नाही, आणि उरली तर तळाशी पाणी आणि चार फोडी. माझी माय त्या पाण्यात भाकरीचा तुकडा बुडवून खायची. तिला ते आवडतं असंच आम्हाला सांगितलेलं होतं. घोळाणा खुडणारी ती, निवडणारी ती, घोळणारीही ती.

हे मी कोणाला दोष द्यायला लिहीत नाही. सगळ्याच घरांत तसं होतं. पण इतिहासात नुसतं 'काय खाल्लं जात होतं' एवढं विचारून भागत नाही, 'कोणी खाल्लं' हेही विचारावं लागतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांत सत्तावन्न जणींना रक्ताची कमतरता आढळली. त्याची कारणं अनेक आहेत, एका कोशिंबिरीवर ढकलता येणार नाही. तरी धान्य-डाळीतलं लोह अंगी लागायला 'क' जीवनसत्त्वाची मदत होते, आणि ते लिंबात आणि कच्च्या पाल्यात असतं. ज्यांना त्याची सर्वांत गरज होती त्यांच्या पानात ते सर्वांत शेवटी येत होतं.

कच्च्या पाल्याची भीतीही होती, आणि ती खोटी नव्हती. पटकीच्या साथीत कच्चं खाऊ नये असं सांगत. माझ्या लहानपणी विहिरीत लाल औषध टाकलं की पाणी जांभळट दिसायचं, आम्ही पोरं काठावरून बघायला गर्दी करायचो. ते पोटॅशियम परमँगनेट. त्याच औषधाच्या पाण्यात साहेबांच्या बंगल्यांवर सॅलडची पानं धुवत असत.

हल्ली डॉक्टर साखरेच्या रोग्याला छापील कागद देतात, त्यात सॅलड लिहिलेलं असतं. मलाही मिळाला. लेट्यूस, ब्रोकोली, ऑलिव्ह. नातीनं मग सीझर सॅलडचं नाव काढलं. त्या सॅलडचा रोमच्या सीझरशी काही संबंध नाही. १९२४ साली मेक्सिकोतल्या तिहुआना गावी सीझर कार्दिनी नावाच्या खानावळवाल्यानं गिऱ्हाइकांची गर्दी झाली म्हणून घरात उरलंसुरलं होतं त्यातून ते केलं, असं सांगतात. म्हणजे आमच्या बायकांचीच रीत!

तेव्हा मी त्या कागदावर आपली नावं लिहून घेतली आहेत. पौषात मेथी आणि हरभरा. माघात लाल गाजर किसून, मोहरी फेसून. मुळ्याचा कीस दह्यात, आणि त्याचा पाला टाकायचा नाही, बारीक चिरून भिजवलेल्या मुगाच्या डाळीत जातो. उन्हाळ्यात कांदा-कैरी. श्रावणात काकडी, उपासाला मोहरी वगळून. मोड आलेली मटकी कधीही. रावेर-यावलच्या केळ्याची दही-मोहरी घातलेली कोशिंबीर फार सुरेख होते, पण ती आता माझ्यासाठी नाही, सणावारी नातवंडांना. कोबी मला एकटा सोसत नाही, डाळिंबाचे दाणे असले तर चालतो.

सूनबाईनं एक गोष्ट नवी केली आहे. कोशिंबीर सगळी कालवते, पण मीठ घालायच्या आधी एक वाटी बाजूला काढून झाकून ठेवते. उशिरा जेवणाऱ्याचा तो वाटा. मीठ नसल्यामुळे पाणी फारसं सुटत नाही, फोडी तशाच कुरकुरीत राहतात, आणि जेवताना वरून मीठ घेता येतं. हल्ली उशिरा जेवणारा बहुधा मुलगाच असतो, दुकान बंद करून नऊला येतो. परवा तिला बाजारातून यायला उशीर झाला, तेव्हा कोशिंबीर त्यानं केली. काकडी जरा जाड चिरली होती, पण वाटी झाकून ठेवलेली होती.