घशातली बारीक रेघ

राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली विरारजवळच्या आगाशीची सुकेळी चांगलीच चिवट असतात. ती खायला घसा शाबूत लागतो, आणि घशाच्या कर्करोगावर ‘लाइट’ म्हणजे किरणोपचार घेतलेल्या माणसाचा घसा अनेकदा तेवढा शाबूत राहत नाही. गाठ जाते, पण घास अडतो. पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि ठसका लागतो.

दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. पुढे टाटा ट्रस्टनं मुंबईत परळला उभारलेलं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. आगाशीच्या रुग्णानं तिथे लाइट घ्यायचे, तर विरारहून लोकल. आठवड्याचे पाच दिवस, सहा-सात आठवडे.

जुन्या पद्धतीत मानेच्या दोन्ही बाजूंनी किरण सोडत. मधलं सगळंच भाजून निघे, त्यामुळे गिळण्याचा स्नायू सीटीवर वेगळा आखण्याचा प्रश्नच नव्हता. आयएमआरटी हे किरणोपचाराचं नवं तंत्र आलं आणि किरणांना वळणं देता येऊ लागली. टाटामध्ये ६० रुग्णांवर दोन पद्धतींची तुलना झाली, ती २०१२मध्ये छापून आली: नव्या पद्धतीत लाळग्रंथींना त्रास कमी. पण या तंत्राची एक अट आहे. डॉक्टरनं जे आखलं नाही, ते संगणक वाचवत नाही.

गिळण्याचे स्नायू या आखणीत उशिरा आले. मिशिगन विद्यापीठातल्या अव्राहम आइसब्रुख यांच्या गटानं २००४मध्ये घशाचे आकुंचक स्नायू आणि स्वरयंत्र यांच्यावर बोट ठेवलं. सीटीच्या कापांवर हा आकुंचक स्नायू घशातल्या काळ्या हवेमागे, मणक्यांपुढे, जेमतेम काही मिलिमीटर जाडीची राखाडी पट्टी म्हणून दिसतो. पुस्तकात त्याचे वरचा, मधला, खालचा असे तीन भाग. पडद्यावर त्यांच्यात सीमा दिसतच नाही.

मग वरचा भाग संपतो कुठे? मिशिगनच्या आखणीत तो जिभेखालच्या हायॉइड हाडाच्या वरच्या कडेपर्यंत. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या गटानं २०११मध्ये दिलेल्या नियमांत मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या खालच्या कडेशीच थांबतो. माणूस तोच, किरणही तेच, तरी ‘वरच्या स्नायूला सरासरी इतके ग्रे’ हा किरणमात्रेचा आकडा दोन ठिकाणी वेगळा येणार. असे आकडे एकमेकांशेजारी ठेवून सुरक्षित मर्यादा ठरवणं धोक्याचंच. २०१५च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनं तिढा सोडवला: तिन्ही भाग मिळून एकच अवयव धरायचा, टेरिगॉइड हाडाच्या खालच्या टोकापासून क्रिकॉइड कूर्चेच्या खालच्या कडेपर्यंत. हाडाच्या आणि कूर्चेच्या या खुणा परळलाही सापडतात, ग्रोनिंगेनलाही.

या रेघेचं मोल २०२३मध्ये ब्रिटन-आयर्लंडच्या ‘डार्स’ चाचणीत दिसलं. ११२ रुग्णांपैकी ज्यांचे हे स्नायू जपून किरण दिले, त्यांना वर्षानंतर गिळण्याच्या प्रश्नावलीत सरासरी ७७.७ गुण मिळाले. नेहमीच्या उपचारात ७०.६. अर्थात गाठ स्नायूलाच बिलगलेली असेल, तर तेवढ्या भागाला पूर्ण मात्रा द्यावीच लागते. जपायचा तो उरलेला स्नायू.