शस्त्र घरी की शस्त्रागारात? : अल्स्टरच्या सहायक पोलीस दलाचा एक धडा

पोलीस दलांच्या इतिहासात भरती, वेतन आणि अधिकारकक्षा यांचा विचार पुष्कळ झालेला आहे. परंतु अर्धवेळ शिपायाची पाळी संपल्यावर त्याची बंदूक कोठे ठेवावयाची, हा प्रश्न बहुधा भांडारपालाचा म्हणून सोडून दिला जातो. वस्तुतः शस्त्र कोणाच्या कुलुपात राहते, यावर ते राज्याचे मानले जाते की ते बाळगणाऱ्याच्या समाजाचे, हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. उत्तर आयर्लंडमधील ‘अल्स्टर स्पेशल कॉन्स्टॅब्युलरी’ या दलाचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

या दलाची उभारणी १९२० च्या अखेरीस झाली. त्या वेळी आयर्लंडमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध सशस्त्र लढा चालू होता आणि उत्तरेकडील सहा परगण्यांचे वेगळे शासन स्थापन होण्याच्या बेतात होते. दलाचे तीन वर्ग होते : ‘ए’ पूर्णवेळ, ‘बी’ अर्धवेळ आणि ‘सी’ राखीव. त्यांपैकी केवळ ‘बी’ वर्ग पुढे टिकून राहिला. दिवसा शेतावर, दुकानात वा कारखान्यात काम करावयाचे आणि नेमलेल्या रात्री रायफल घेऊन नाक्यावर किंवा गस्तीवर जावयाचे, असा या शिपायांचा क्रम असे. त्यांची भरती जवळजवळ सर्वस्वी प्रॉटेस्टंट समाजातून होई.

‘बी’ शिपायांपैकी अनेकांची शस्त्रे त्यांच्या घरीच असत. या प्रथेला व्यावहारिक आधार नव्हता असे नाही. विरळ वस्तीच्या मुलखात शिपायाने आधी दूरच्या ठाण्यावर जाऊन रायफल घ्यावी व मग नाका गाठावा, असे ठरविल्यास मोक्याचा वेळ वाया जाणार हे उघड होते. शिवाय एके ठिकाणी साठविलेली शस्त्रे एकाच छाप्यात जाऊ शकतात. ही भीती काल्पनिक नव्हती. जून १९५४ मध्ये आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या लोकांनी आर्मा येथील गॉफ बराकीतून लष्कराच्या शेकडो बंदुका भरदिवसा पळविल्या. पहाऱ्यातील शस्त्रागारही अभेद्य नसते, हे या घटनेने दाखवून दिले.

तथापि सोयीचा हा हिशेब एकाच समाजाच्या बाजूने मांडलेला होता. शिपायाच्या कुटुंबाला घरातील रायफल हे संरक्षण वाटे. शेजारच्या कॅथलिक कुटुंबाला तीच रायफल कायमची धमकी वाटे. ज्याच्याशी बाजारात गाठ पडते, बांधावरून कुरबूर होते, त्याच माणसाच्या घरात सरकारी शस्त्र आहे. तो उद्या दारात उभा राहिला, तर पोलीस म्हणून की विरोधी पक्षाचा माणूस म्हणून, हे कसे ओळखावे? ठाण्यातून नोंद करून नेलेले आणि परत जमा केलेले शस्त्र निदान हा भेद कागदावर तरी राखते. शस्त्र घरीच राहू लागले की तोही पुसट होतो.

ऑगस्ट १९६९ च्या दंगलींत हा प्रश्न चव्हाट्यावर आला. १४ ऑगस्ट रोजी आर्मा शहरात ‘बी’ शिपायांच्या एका तुकडीने केलेल्या गोळीबारात एक नागरिक ठार झाला. हा गोळीबार समर्थनीय नव्हता, असा निष्कर्ष स्कारमन न्यायाधिकरणाने १९७२ मध्ये नोंदविला. दंगलींनंतर लगेच दलाचे नियंत्रण लष्कराकडे गेले आणि शिपायांची शस्त्रे मध्यवर्ती शस्त्रागारांत जमा करून घेण्यास प्रारंभ झाला. दल बरखास्त होण्याच्या कित्येक महिने आधी त्याची शस्त्रे काढून घेतली गेली, हा क्रम अर्थपूर्ण आहे. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते लॉर्ड हंट यांच्या समितीने ऑक्टोबर १९६९ मध्ये अहवाल दिला आणि त्यानुसार एप्रिल १९७० अखेर दल विसर्जित झाले. त्याच्या जागी लष्कराच्या हाताखाली ‘अल्स्टर डिफेन्स रेजिमेंट’ आणि पोलिसांच्या हाताखाली एक राखीव दल उभे राहिले.

नव्या रेजिमेंटची शस्त्रे सामान्यतः शस्त्रागारात राहावीत, असे धोरण ठरले. परंतु कुलूप बदलल्याने प्रश्न मिटला नाही. ऑक्टोबर १९७२ मध्ये लर्गन येथील लष्करी तळावरून राजनिष्ठ म्हणविणाऱ्या सशस्त्र गटाने मोठ्या संख्येने रायफली नेल्या. आतील लोकांच्या संगनमताचा संशय ब्रिटिश सरकारच्याच १९७३ मधील एका गुप्त टिपणात नमूद आहे. ते आता अभ्यासकांस खुले झाले आहे. दुसरीकडे, अर्धवेळ सैनिक व पोलीस घरी किंवा शेतावर असताना मारले जाऊ लागले, तेव्हा स्वसंरक्षणासाठी वैयक्तिक शस्त्र जवळ बाळगण्याची मुभा देणे भाग पडले. बंदूक पुन्हा घरी आली, पण या वेळी तिचे कारण निराळे होते.

हा प्रश्न आयर्लंडपुरता मर्यादित नाही. छत्तीसगडमधील विशेष पोलीस अधिकाऱ्यांविषयीच्या ५ जुलै २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दिलेली सर्व शस्त्रे परत घेण्याचा आदेश दिला. हजारो तरुणांच्या हाती दिलेल्या बंदुका परत कशा घेणार, या आपल्या वारंवार विचारलेल्या प्रश्नाला शासनाने उत्तर दिले नाही, असेही न्यायालयाने नमूद केले. शस्त्र देताना ते परत घेण्याची व्यवस्था न ठरविणारे शासन आपल्या अधिकाराचा एक अंशच दुसऱ्यास देऊन बसते. म्हणून सहायक दलांच्या अभ्यासकाने नेमणुकीच्या हुकुमांइतक्याच काळजीने शस्त्रागाराच्या नोंदवह्याही वाचावयास हव्यात.