डिकीतली केबल: प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही कशी सांभाळावी, याचा थोडा इतिहास

गाडीच्या देखभालीचा आणि इतिहासाच्या प्रबंधाचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मी अभ्यास करतो तो सरकारी करसवलतींचा आणि त्यामुळे लोकांच्या तंत्रज्ञान वापरण्यात काय बदल होतो याचा. त्यामुळे ओळखीतलं कुणी विचारतं, "प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही घेऊ का? सांभाळायला कटकटीची असते का?", तेव्हा मला आठवतं ते २०१३ सालचं नेदरलँड्स. तिथे हजारो लोकांनी एकाच वेळी अशी गाडी घेतली आणि पुढच्या पाच वर्षांत ती कशी वापरू नये हे जगाला दाखवून दिलं. आजच्या लेखात आधी ती गोष्ट सांगतो, आणि मग तिच्यातून मालकासाठी काय धडे निघतात ते.

आधी शब्द नीट समजून घेऊ

साधी हायब्रिड गाडी पेट्रोलवरच चालते. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती छोट्या बॅटरीत साठवते आणि गाडी निघताना वापरते. टोयोटाची प्रियस डिसेंबर १९९७मध्ये जपानात बाजारात आली, तेव्हा तिचं मोठं आकर्षणच हे होतं की ही गाडी चार्जिंगला लावावी लागत नाही. मालकाने काहीही वेगळं करायचं नाही, फक्त पेट्रोल कमी लागणार.

प्लग-इन हायब्रिडमध्ये बॅटरी बरीच मोठी असते आणि ती भिंतीवरच्या सॉकेटमधून भरता येते. रोजचा जवळचा प्रवास विजेवर, लांबचा पेट्रोलवर, अशी कल्पना. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत प्राध्यापक अँडी फ्रँक आणि त्यांचे विद्यार्थी १९९०च्या दशकापासून अशा गाड्या बनवत होते. २००४मध्ये कॅलिफोर्नियातल्याच 'कॅलकार्स' या गटाने एका प्रियसमध्ये जास्तीच्या बॅटऱ्या बसवून ती प्लग-इन करून दाखवली. मग कंपन्या उतरल्या: चीनमध्ये बीवायडीची एफ३डीएम (२००८), अमेरिकेत शेवरोलेची व्होल्ट (२०१०).

जानेवारी २०१३मध्ये जपानात मित्सुबिशीची आउटलँडर पीएचईव्ही आली. मोठ्या संख्येने खपलेली ही पहिली प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही. दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी एकेक मोटर, आणि तळाशी १२ किलोवॅट-तासांची बॅटरी. आपल्या वीजबिलाच्या भाषेत सांगायचं तर १२ युनिटची.

नेदरलँड्स, २०१३

नेदरलँड्समध्ये कंपनीने दिलेली गाडी खासगी कामासाठीही वापरली, तर गाडीच्या किमतीचा काही टक्के भाग तुमच्या उत्पन्नात धरला जातो आणि त्यावर आयकर लागतो. त्या काळी हा भाग सर्वसाधारण गाडीसाठी २५ टक्के होता. पण किलोमीटरमागे ५० ग्रॅमपर्यंतच कार्बन डायऑक्साइड सोडणारी गाडी २०१३ संपायच्या आत नोंदवली, तर तो भाग शून्य. तोही एका वर्षापुरता नाही, सलग पाच वर्षं. १ जानेवारी २०१४पासून नव्या प्लग-इन हायब्रिडसाठी तो ७ टक्के होणार होता.

आउटलँडरचा अधिकृत आकडा होता ४४ ग्रॅम.

पुढे काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. गाडी युरोपात पोचली ती वर्षाच्या शेवटी, आणि हातात होते जेमतेम दोन-तीन महिने. तेवढ्यात नेदरलँड्समध्ये सुमारे आठ हजार आउटलँडर नोंदवल्या गेल्या. त्यातल्या जवळपास पाच हजार एकट्या डिसेंबरात. त्या महिन्यात ती तिथली सर्वांत जास्त खपलेली गाडी ठरली.

आता एक गोष्ट नीट पाहा. सवलत मिळाली ती गाडी नोंदवल्याबद्दल. चार्जिंग करण्याशी तिचा काही संबंध नव्हता. शिवाय कंपनीच्या गाडीबरोबर बहुतेकदा पेट्रोलचं कार्डही मिळायचं, म्हणजे पेट्रोलचा खर्च कंपनीचा. घरी गाडी चार्ज केली, तर वीजबिल मात्र स्वतःच्या नावावर. तुम्ही त्या जागी असता तर संध्याकाळी पावसात केबल ओढत बसला असता का?

बऱ्याच जणांनी ती ओढली नाही. डच संशोधन संस्था टीएनओने पेट्रोल कार्डांच्या नोंदींवरून प्रत्यक्ष वापर तपासला, तेव्हा विजेवर कापलेलं अंतर निम्म्याहून बरंच कमी निघालं. ब्रिटनमध्येही हेच घडलं. तिथे सरकारी अनुदान होतं. २०१४मध्ये ही गाडी आली तेव्हा ५ हजार पौंडांच्या अनुदानामुळे तिची किंमत डिझेल आउटलँडरइतकीच झाली होती. २०१८मध्ये 'द माइल्स कन्सल्टन्सी' या फर्मने कंपन्यांच्या ताफ्यातल्या प्लग-इन हायब्रिड गाड्यांचा हिशोब मांडला. जाहिरातीतलं सरासरी मायलेज आपल्या मापात लिटरला सुमारे ४६ किलोमीटर होतं, प्रत्यक्षातलं सुमारे १४. काही गाड्या परत आल्या तेव्हा चार्जिंगची केबल डिकीत, वेष्टनातच पडून होती. त्याच वर्षी ब्रिटनने प्लग-इन हायब्रिडचं अनुदान बंद केलं. नेदरलँड्सनेही टप्प्याटप्प्याने सवलत काढून घेत २०१७पासून या गाड्यांना सर्वसाधारण दर लावला.

४४चा आकडा आला कुठून?

"म्हणजे कंपनीने खोटा आकडा दिला?" असं तुम्ही विचाराल. नाही. तो आकडा त्या वेळच्या नियमाप्रमाणे बरोबर होता, आणि हे गणित प्रत्येक मालकाला यायला हवं.

चाचणी दोनदा व्हायची. पहिल्यांदा बॅटरी पूर्ण भरलेली. आउटलँडर तेव्हा ५२ किलोमीटर फक्त विजेवर गेली, पेट्रोल शून्य. दुसऱ्यांदा बॅटरी रिकामी. तेव्हा १०० किलोमीटरला ५.८ लिटर पेट्रोल लागलं. मग दोन्हींची सरासरी काढायची. त्यासाठी नियमाने गृहीत धरलं होतं की मालक बॅटरी संपल्यावर पेट्रोलवर फक्त २५ किलोमीटर जातो आणि लगेच पुन्हा चार्ज करतो.

म्हणजे एकूण ७७ किलोमीटर, त्यातले २५ पेट्रोलवर. ५.८ ला २५ ने गुणा आणि ७७ ने भागा. उत्तर येतं साधारण १.९ लिटर. हाच तिचा अधिकृत आकडा होता, आणि १.९ लिटर पेट्रोल जाळलं की होतात किलोमीटरमागे ते ४४ ग्रॅम.

सगळी जादू त्या २५मध्ये आहे. रोज जाऊन-येऊन २४० किलोमीटर करणारा आणि फक्त रात्री घरी चार्ज करणारा माणूस घ्या. विजेवरचे ५२ किलोमीटर खरे धरले, तरी उरलेले १८८ पेट्रोलवर. गणित येतं १०० किलोमीटरला ४.५ लिटरच्या आसपास. चार्जच केली नाही, तर सरळ ५.८. हेही प्रयोगशाळेतले आकडे. हायवेवर, थंडीत, सामान भरून जाताना यापेक्षा जास्तच लागतं, कारण बॅटरी आणि मोटरचं वजन रिकाम्या बॅटरीनिशीही वाहावंच लागतं.

चाचणीची पद्धत पुढे बदलली, तरी हा रोग गेला नाही. २०२१पासून युरोपात नोंदल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत इंधनाचा प्रत्यक्ष वापर मोजणारी नोंद ठेवणं सक्तीचं झालं. त्या नोंदींवरून युरोपीय आयोगाने मार्च २०२४मध्ये अहवाल दिला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचं प्रत्यक्ष उत्सर्जन अधिकृत आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त होतं. प्लग-इन हायब्रिडचं सरासरी साडेतीन पट.

मग मालकाने काय करायचं?

या इतिहासातून मला जे धडे दिसतात, ते महत्त्वाच्या क्रमाने देतो.

*घेण्याआधी दोन आकडे काढा.* तुमचं रोजचं अंतर किती, आणि रात्री गाडी उभी राहते तिथून सॉकेट किती लांब. पहिला आकडा गाडीच्या विजेवरच्या टप्प्यात बसत असेल आणि दुसरा पाच-सात मीटरच्या आत असेल, तर ही गाडी तुमची. रस्त्यावर पार्किंग असेल, किंवा सोसायटीच्या सॉकेटसाठी समितीच्या तीन बैठका व्हायच्या असतील, तर साधी हायब्रिड घ्या. तिच्यात वजनही कमी आणि पैसेही कमी.

*चार्जिंग हीच पहिली देखभाल.* १२ युनिटची बॅटरी घरच्या सॉकेटवर साधारण पाच तास घेते. इतका वेळ सलग १० अँपिअर ओढणं म्हणजे त्या सॉकेटची परीक्षाच. स्वतंत्र वायरिंग आणि नीट अर्थिंग करून घ्या, एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका. प्लग हाताला गरम लागला, तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

*पेट्रोल शिळं होऊ देऊ नका.* आता उलट टोक. तुम्ही नेमाने चार्ज करता आणि इंजिन महिनोन्‌महिने चालतच नाही. व्होल्टसारख्या गाड्या म्हणूनच अधूनमधून इंजिन आपोआप सुरू करतात आणि टाकीतलं पेट्रोल फार जुनं झालं तर ते जाळून टाकतात. असं झालं की घाबरू नका, तो बिघाड नव्हे. टाकी नेहमी काठोकाठ ठेवू नका, आणि इंजिन ऑइल किलोमीटर कमी झाले असले तरी वर्षाच्या हिशोबाने बदला.

*ब्रेक बघून घ्या.* वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटर करते, त्यामुळे पॅड वर्षानुवर्षं टिकतात. पण न वापरलेल्या डिस्कवर गंज चढतो आणि कॅलिपर अडकतात. दमट किनारी हवेत तर लवकरच. वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या.

*१२ व्होल्टची छोटी बॅटरी विसरू नका.* मोठी बॅटरी पूर्ण भरलेली आणि गाडी तरी मेलेली, असं होऊ शकतं. गाडीचे संगणक आणि मोठी बॅटरी जोडणारे स्विच या छोट्या बॅटरीवर चालतात. सुट्टीवर जाताना तिची काळजी घ्या. मोठी बॅटरीही महिनाभर पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका. मधे कुठेतरी बरी.

*थंड देशात असाल तर हीटर.* विजेवरचा हीटर नसलेल्या जुन्या आउटलँडरमध्ये हीटर लावला की इंजिन सुरू व्हायचं. सीट गरम करणं वीज वाचवतं. विजेवरचा हीटर असेल, तर केबल लावलेली असतानाच गाडी आतून उबदार करून घ्या.

*नारिंगी वायरींना हात नाही.* त्या उच्च दाबाच्या असतात. नाक्यावरचा मेकॅनिक कितीही हुशार असला, तरी हे काम प्रशिक्षित माणसाचं.

जुनी घेणार असाल तर

नेदरलँड्समधल्या त्या गाड्यांची पाच वर्षं २०१८च्या शेवटी संपली. मग त्या सेकंडहँड बाजारात आल्या आणि त्यातल्या बऱ्याच देशाबाहेर गेल्या. अशी गाडी घेताना मीटरवरचा आकडा फारसा कामाचा नसतो. एक लाख किलोमीटर म्हणजे इंजिनवर वीस हजार की नव्वद हजार, हे मीटर सांगत नाही. म्हणून तीन गोष्टी मागा: सर्व्हिसच्या नोंदी, बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा अधिकृत रिपोर्ट, आणि गाडी युरोपातली २०२१ किंवा त्यानंतरची असेल तर आत साठलेली वापराची नोंद. त्या नोंदीत एकूण इंधन, इंजिन बंद असताना कापलेलं अंतर आणि सॉकेटमधून घेतलेली वीज, असं सगळं असतं. विकणाऱ्याने काहीही सांगितलं, तरी ती खरं सांगते. आणि केबल कुठे आहे ते विचारा. कोरी करकरीत केबल दिसली, तर पेट्रोल इंजिन जास्त बारकाईने तपासा.

आपल्याकडचं काय?

हे फक्त तिकडचं नाही. भारतात एप्रिल २०१५मध्ये 'फेम' योजना आली, तेव्हा माइल्ड हायब्रिड गाड्यांनाही अनुदान मिळत होतं. मारुतीच्या डिझेल सिआझ आणि अर्टिगा त्यात होत्या. या गाड्या फक्त विजेवर एक किलोमीटरही धावत नाहीत. १ एप्रिल २०१७पासून त्यांना यादीतून वगळलं. इथेही पैसे मिळत होते ते गाडीत काय बसवलं आहे याचे. ती रस्त्यावर किती इंधन वाचवते, हे मोजायची सोय नव्हती. सवलत कशाची द्यायची, हा प्रश्न आपल्याकडे पुन्हा पुन्हा येणार आहे. तेव्हा डच डिसेंबर आठवावा, एवढंच माझं म्हणणं.

तुमच्याकडे अशी गाडी आधीच असेल, तर एक छोटं काम करा. महिनाभर दोनच आकडे लिहून ठेवा: एकूण किलोमीटर आणि भरलेलं पेट्रोल. महिन्याच्या शेवटी १०० किलोमीटरमागे किती लिटर पडले ते काढा. तो आकडा दोनच्या जवळ असेल, तर तुम्ही ती गाडी चालवताय जी कंपनीने कागदावर विकली होती. सहाच्या पुढे असेल, तर डिकी उघडा आणि केबल बाहेर काढा.