अजिंक्य वीर आणि अनोळखी रोग

अमेरिकन चित्रकथांतील वीरांस एक वरदान वारंवार दिलेलें आढळतें: जखम होतांच ती आपोआप भरून यावी. १९७४ सालीं मार्व्हेलच्या चित्रकथांत अवतरलेला वुल्व्हरिन हा या वर्गाचा मेरुमणि होय. अशा वीरास परग्रहावरील एखाद्या कल्पित जंतूनें ग्रासलें तर तो वांचेल काय? प्रश्न पोरकट म्हणून आम्ही सोडून देणार होतों. परंतु विचारांतीं असें दिसलें कीं, इतिहासानें याच्या अगदीं जवळच्या एका खटल्याचा निकाल पूर्वींच दिलेला आहे, आणि तो वीराच्या बाजूचा नाहीं.

हर्नान कोर्तेस १५१९ मध्यें मेक्सिकोंत उतरला, तेव्हां ॲझटेकांचें राज्य बलाढ्य होतें. ३० जून १५२० च्या रात्रीं स्पॅनिश सैन्य त्यांच्या राजधानींतून, म्हणजे तेनोच्तित्लानमधून, पळ काढीत असतां ॲझटेकांनीं त्याची पुरती दाणादाण उडविली. शेंकडों शिपाई ठार झाले. या प्रतिकाराचा पुढारी क्वित्लाहुआक हा राजा झाला. परंतु त्याच वर्षीं स्पॅनिश लोकांबरोबर देवीचा रोग त्या देशांत शिरला होता. सुमारें ८० दिवस राज्य करून हा विजयी राजा त्या रोगास बळी पडला. १३ ऑगस्ट १५२१ रोजीं राजधानीही पडली. ती केवळ रोगामुळें पडली असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. ॲझटेकांचे शेजारचे वैरी मोठ्या संख्येनें कोर्तेसला मिळाले होते, हें विसरतां कामा नये. तथापि क्वित्लाहुआकाच्या शौर्यांत काय उणें होतें? उणें एवढेंच कीं, त्याच्या रक्तास या शत्रूची ओळख नव्हती. पुष्कळ स्पॅनिश शिपायांस ती बाळपणींच झाली होती.

जखम भरणें आणि रोग हटविणें हीं दोन कामें निराळीं आहेत. किल्ल्याचा तट ढांसळला तर तो पुन्हां बांधतां येतो. पण शत्रु फितुरीनें आंत शिरून आपल्याच कोठारावर पोसूं लागला, तर तटाच्या डागडुजीचा काय उपयोग? विषाणूची रीत हीच आहे. तो पेशींत शिरून तिच्याच साधनांनीं आपली प्रजा वाढवितो. पेशी झपाट्यानें नव्या होऊं लागल्या, तर कदाचित् त्याच्या भक्ष्यांतच भर पडावयाची! त्यास आवरण्यास शत्रूची पारख लागते. शरीराची ही पारख पुष्कळशी स्मरणावर उभी असते. पहिल्या भेटींत ती जमण्यास दिवस लागतात, दुसऱ्या भेटींत ती त्वरेनें कामास येते.

उलट पक्षीं, परका जंतूही आपल्या देहास तितकाच परका असणार. ज्या किल्लीस कुलूपच नाहीं तिनें दार कसें उघडावें? तरीही शास्त्रज्ञांनीं हयगय केली नाहीं. १९६९ मध्यें चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या तिघां वीरांस २१ दिवसांच्या विलगवासाचा नियम लावण्यांत आला. चंद्रावर जीवाचा मागमूस न लागल्यानें १९७१ मधील अपोलो १४ नंतर ही प्रथा बंद झाली. एच्. जी. वेल्सच्या १८९८ मधील कादंबरींत तर पृथ्वी जिंकावयास आलेले मंगळवासीच येथील क्षुद्र जंतूंनीं मरतात. अनोळखीपणाची ही तरवार दुधारी आहे.

मग देवीस अखेर जिंकलें कोणीं? जेन्नरनें १७९६ मध्यें गाईच्या सौम्य देवीची लस एका मुलास टोंचली. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती टोंचण्यांत आली. हिंदुस्थानांतील ही पहिली यशस्वी लस. त्या चिमुकल्या दंडावरील फोडांतून घेतलेली लस पुढें दुसऱ्यांच्या दंडांवर गेली. १९८० मध्यें जागतिक आरोग्य परिषदेनें देवीच्या निर्मूलनाची घोषणा केली. एकट्याच्या अंगच्या वरदानानें जें साधलें नसतें, तें एकमेकांस दिलेल्या ओळखीनें साधलें. चित्रकथांतील वीराविषयीं आमच्या मनांत अनादर नाहीं. परंतु अनोळखी रोगाशीं गांठ पडली तर आम्ही त्याच्या बाहुबलापेक्षां त्या बालिकेच्या दंडावर अधिक भरंवसा ठेवूं.