ट्रॅपिंग (मुद्रणपूर्व तंत्र)

बहुरंगी छपाईत शेजारच्या दोन रंगांच्या कडा एकमेकींवर किंचित चढवण्याचे तंत्र. सायन, मॅजेंटा, पिवळा व काळा हे रंग वेगवेगळ्या प्लेटांवरून उमटतात. कागद ताणला गेला किंवा ओल शोषून पसरला, की रजिस्टर (रंगांची परस्पर जुळणी) हलते आणि रंगांच्या सांध्यात कोऱ्या कागदाची पांढरी रेघ दिसते.

फिकट रंग गडद रंगात शिरवावा, हा मुख्य नियम. कारण आकाराची कड डोळ्याला गडद रंगावरून कळते. निळ्या पार्श्वभूमीवरचे पिवळे अक्षर फुगवतात (स्प्रेड). पिवळ्या पार्श्वभूमीवर निळे अक्षर असेल, तर पार्श्वभूमीतील पोकळी आवळतात (चोक). शीटफेड ऑफसेटला साधारण ०.१ मिमी चढवणे पुरते, फ्लेक्सोला अधिक लागते. काळा मजकूर खालच्या रंगावरच सरळ छापतात (ओव्हरप्रिंट). दोन्ही रंगांत एखादी शाई पुरेशा प्रमाणात समान असेल, तर ट्रॅपिंग लागतच नाही. नवशिक्याने हे आधी तपासावे.

मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेल्या व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्मा प्रेसमध्ये प्रत्येक रंगाला स्वतंत्र शिळा (छपाईचा दगड) असे. तिथे रंग जुळणे हे मुख्यतः कारागिराच्या नजरेवर आणि हातावर अवलंबून होते. त्या चित्रांचा दर्जा पाहता हे कौशल्य असामान्यच म्हणावे लागेल. पुढे फिल्मच्या काळात एक्स्पोजर देताना आकार फुगवत वा आवळत. आता पानाचे छपाईच्या ठिपक्यांत रूपांतर करणारे रिप सॉफ्टवेअर हे आपोआप करते. तरीही धातूच्या शाया, स्पॉट रंग आणि बारीक अक्षरे असलेल्या वेष्टनांवर ट्रॅप हाताने तपासणेच योग्य.