हातातला गिअर आणि विश्रांती घेणारे सिलिंडर : इंधनबचतीच्या दोन युक्त्यांचा इतिहास

पंपिंगमधला ऊर्जाव्यय शिकवून झाला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, गाडी दोन सिलिंडरांवर चालते, तर उरलेले दोन वाहून कशाला न्यायचे?" प्रश्न भोळा वाटला तरी त्यात चाळीस वर्षांचा इतिहास आहे. या टिपणात तो मॅन्युअल गिअरच्या वेगवान गाड्यांच्या बाजूने पाहू, कारण खरी अडचण तिथेच आली.

आधी मूळ कल्पना. सायकलचा पंप घ्या, तोंडावर बोट धरा आणि दांडा मागे ओढा. जोर लागतो, काम मात्र काही होत नाही. पेट्रोल इंजिन कमी भारावर असताना थ्रॉटल जवळजवळ मिटलेले असते आणि प्रत्येक पिस्टन असाच दांडा ओढत असतो. आता निम्म्या सिलिंडरांचे व्हॉल्व्ह बंद ठेवले आणि त्यांचे इंधन तोडले, तर तेवढेच काम उरलेल्या सिलिंडरांना करावे लागते. त्यासाठी थ्रॉटल जास्त उघडावे लागते आणि ओढण्यातला तोटा घटतो. बंद सिलिंडरात कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी दाबली जाते आणि परत ढकलते, त्यामुळे तिथे फारसे नुकसान होत नाही. इंजिन मोठे आणि भार कमी असेल तितका फायदा अधिक. म्हणूनच या युक्तीची सुरुवात अमेरिकेच्या अवाढव्य व्ही-८ इंजिनांपासून झाली.

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत कंपनीच्या सरासरी इंधनक्षमतेचा कायदा आला. १९७८ मध्ये पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवर वेगळा करही मंजूर झाला. १९८१ मध्ये कॅडिलॅकने आठ, सहा किंवा चार सिलिंडरांवर चालणारे ६ लिटरचे इंजिन बाजारात आणले. व्हॉल्व्ह थांबवण्याची यंत्रणा ईटन कंपनीची होती, पण निर्णय घेणारा संगणक त्या काळातला. बदल होताना गाडी हिसके देई, आणि कित्येक मालकांनी यंत्रणा तोडून टाकून कायम आठ सिलिंडरांवर चालणे पसंत केले. बहुतेक मॉडेलांमधून हे इंजिन वर्षभरातच गेले. पुढच्या वर्षी मित्सुबिशीने जपानमध्ये चार सिलिंडरांच्या छोट्या इंजिनात हा प्रयोग केला. तोही फार काळ टिकला नाही.

स्पोर्ट्स कारवाल्यांनी दरम्यान वेगळीच वाट काढली. इंजिनाला हात न लावता त्यांनी चालकाचाच हात धरला. १९८९ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये झेडएफ कंपनीचा सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आला. त्याबरोबर अशी एक सोय आली की इंजिन गरम आहे, वेग ताशी साधारण २५ ते ३० किलोमीटर आहे आणि पाय हलका आहे, तर पहिल्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट एक सोलेनॉइड अडवतो. दांडा आपोआप चौथ्याच्या खाचेत जातो आणि डॅशवर पहिल्यातून चौथ्यात जा असा दिवा लागतो. फेऱ्या कमी होतात, थ्रॉटल जास्त उघडते, पंपिंगचा तोटा घटतो. तत्त्व तेच, फक्त सिलिंडरांऐवजी गिअर बदलला. चाचणीत लिटरला सुमारे साडेनऊ किलोमीटरपेक्षा कमी धावणाऱ्या गाडीला तो कर बसे. ही उडी यंत्रातच बसवलेली असल्याने चाचणीतही ती धरली जाई आणि आकडा सुधारे. मालकांनी काय केले? काही डॉलरचा एक छोटा प्लग आणून सोलेनॉइडची तार काढून टाकली. माझ्या मते या उपायाला अभियांत्रिकी म्हणण्यापेक्षा हिशेबनीस म्हणणे योग्य आहे. बचत प्रयोगशाळेत झाली, रस्त्यावर प्लगने ती परत घेतली.

सिलिंडर थांबवणे मॅन्युअल गाडीत इतके अवघड का? चार सिलिंडरांच्या इंजिनात क्रँकच्या दर १८०° ला एक ठिणगी पडते. दुसरा आणि तिसरा सिलिंडर थांबवला की पहिला आणि चौथा उरतात आणि ठिणगी दर ३६०° ला पडते. धक्के निम्मे, पण प्रत्येक धक्का मोठा. ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर ते पचवू शकतो. मॅन्युअलमध्ये मधे फक्त क्लचच्या स्प्रिंगा आणि फ्लायव्हील असते. शिवाय ऑटोमॅटिकचा संगणक गिअर स्वतः बदलतो, म्हणून पुढे काय होणार हे त्याला आधीच ठाऊक असते. मॅन्युअलमध्ये चालक क्लच कधी दाबेल हे इंजिनाला कळत नाही, ते कळल्यावरच धावाधाव करावी लागते.

ही धावाधाव २०१२ मध्ये फोक्सवॅगनच्या १.४ लिटर टीएसआय इंजिनाने पुरेशी जलद केली. कॅमशाफ्टवरची एक बाही विद्युतचुंबकी पिनेने सरकते आणि व्हॉल्व्हखाली उंचवटा नसलेला कॅम येतो. बदलाला १३ ते ३६ मिलिसेकंद लागतात. ही सोय १,२५० ते ४,००० फेऱ्या आणि २५ ते १०० न्यूटन-मीटर एवढ्याच खिडकीत चालते. ती मॅन्युअल गिअरबॉक्सबरोबरही मिळू लागली. २०१४ च्या कॉर्व्हेटमध्ये ६.२ लिटरच्या व्ही-८ ला सात गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स होता आणि चार सिलिंडरांवर जाण्याची सोयही होती. पण मॅन्युअल गाडीत ती फक्त इको मोडमध्ये चाले, म्हणजे चालकाने आधी मागितली तरच. पहिल्या-चौथ्याच्या जबरदस्तीपेक्षा हा व्यवहार मला अधिक प्रामाणिक वाटतो. २०२० च्या कॉर्व्हेटमध्ये मॅन्युअल गिअरबॉक्सच राहिला नाही.

आपल्याकडे हा इतिहास चाकणला येऊन पोचतो. भारतात सरासरी उत्सर्जनाचे नियम २०१७-१८ पासून लागू झाले. आधी किलोमीटरमागे १३० ग्रॅम, २०२२-२३ पासून ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. याच काळात, २०२१ मध्ये स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगून व २०२२ मध्ये स्लाव्हिया १.५ लिटर टीएसआय इंजिन आणि सहा गिअरच्या मॅन्युअलसह आल्या. १५० पीएस ताकद, २५० न्यूटन-मीटर टॉर्क आणि गरज नसेल तेव्हा दोनच सिलिंडर. म्हणजे अमेरिकेत व्ही-८ पासून सुरू झालेली गोष्ट पुणे जिल्ह्यात मध्यमवर्गाच्या घरातल्या गाडीत बसली.

आता चाचणी पाहा. भारतीय सुधारित चालनचक्र १,१८० सेकंदांचे असते. त्यात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असून गिअर कोणत्या क्षणी बदलायचा हेही ठरलेले असते. स्थिर वेगाचे सपाट तुकडे भरपूर, भार हलका. दोन सिलिंडरांच्या खिडकीला याहून सोयीची जागा नाही. यात कोणी फसवणूक करतो असे मला म्हणायचे नाही. पण बेंगळुरूत सिल्क बोर्डाच्या चौकात सायंकाळी साडेसहाला गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटत असते तेव्हा फेऱ्या एक तर आयडलच्या आसपास असतात, नाही तर क्लच अर्धा दाबलेला असतो. ती खिडकी उघडायला सवड कुठे?

आपल्या चालकांची स्वतःची इंधनबचतही जुनी आहे. कार्ब्युरेटरच्या दिवसांत घाट न्यूट्रलमध्ये उतरवायचा हा वडिलांचा धडा माझ्याही पिढीने ऐकला आहे. इंधन-इंजेक्शन आल्यावर हा धडा उलटला. गिअरमध्ये ठेवून पाय काढला तर ठरावीक फेऱ्यांच्या वर इंजेक्टर पूर्ण बंद होतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जळत राहते, आणि इंजिनाचा ब्रेकही हातचा जातो. वर्गात हे सांगितले की निम्मी मुले घरी जाऊन वडिलांशी वाद घालतात.

एका सहकाऱ्याच्या अशाच १.५ लिटर मॅन्युअल गाडीतून बेंगळुरूहून पुण्याला गेले, तेव्हा तुमकुरूपर्यंत दोन सिलिंडरांची सूचना क्वचितच दिसली. चित्रदुर्गच्या पुढे सपाट रस्त्यावर सहाव्या गिअरमध्ये ती वारंवार येऊ लागली, आणि सहकारी तिच्यासाठी पाय हलका ठेवू लागला. म्हणजे सिलिंडर थांबले त्यातून थोडी बचत झाली, आणि थोडी त्या सूचनेने त्याचा पाय आवरला म्हणून. या दोन्ही वेगळ्या कशा मोजायच्या, यावर आमचा हुबळीपर्यंत वाद झाला. परतताना खंबाटकीच्या चढावर त्याने तिसरा टाकला, सूचना गेली आणि चारही सिलिंडर कामाला लागले. उरलेले दोन कशाला वाहून न्यायचे, याचे उत्तर मी आता वर्गात त्या चढावरूनच सुरू करते.